तेराव्याची पगडी

सुरेखाबाई खराड्यांनी उभ्या जन्मात लबाडी केली ती एकदाच, आणि तीही नवऱ्याच्या तेराव्याला. एरवी बाई सरळ. इतक्या सरळ, की समोरच्यानंच वाकडं होऊन वाट द्यावी. चंदीगडच्या मोठ्या इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी पुढं पंधरा वर्षं काढली, तेव्हा भलेभले डॉक्टर जुनी फाइल मागायला यायचे ते दाराशीच आवाज खाली आणून. लेक अपेक्षा आयटी पार्कातल्या कंपनीत लागली, तर तिच्या साहेबालाही यांनी फोन करून बजावलं होतं, "गाडी लडकी को घर के दरवाज़े पे छोड़ेगी. सेक्टर के चौक पे नहीं. पक्का?" साहेब "पक्का जी" म्हणाला आणि वर सॉरीही म्हणाला. कशाबद्दल, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

पण रेकॉर्ड रूम काय आणि लेकीची कंपनी काय, पुढचं सगळं त्या एका लबाडीच्या आगेमागे जे घडलं त्यातून निघालं. आणि ती लबाडी समजायची तर आधी बाजीरावांचं डोकं समजायला हवं.

बाजीराव म्हणजे सुरेखाबाईंचे थोरले दीर. मुक्काम तासगावजवळची वाडी, धंदा द्राक्षबाग आणि छंद फेटा बांधून घेणं. सोसायटीची वार्षिक सभा असो, कुस्त्यांचं मैदान असो की कुणाच्या नातवाचं जावळ असो, बाजीराव पहिल्या रांगेत. फेटेवाला कोल्हापूरचा आहे की गावचाच, हे त्यांना पहिला पीळ डोक्यावर बसताच कळायचं. घरी कपाटात फेट्यांची थप्पी होती. बायकोनं एकदा त्यातल्या काहींच्या दोन गोधड्या शिवल्या, तर तीन दिवस त्यांनी तिच्याशी अबोला धरला होता.

धाकटा माधव मात्र उघड्या डोक्याचा. एक्स-रेचा कोर्स करून चौऱ्याहत्तर साली चंदीगडच्या इस्पितळात टेक्निशियन म्हणून गेला तो तिकडचाच झाला. पुढच्या वर्षी सुरेखाबाई लग्न होऊन आल्या. सेक्टर चोवीसमधलं दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर, तिथंच अपेक्षा झाली, तिथंच ती मराठी समजायला आणि हिंदी बोलायला शिकली. मग पंजाबातला कर्फ्यू, बसमधून उतरवून मारलेली माणसं, असल्या बातम्या सांगलीच्या पेपरांत यायला लागल्या, तशी बाजीरावांची पत्रं यायला लागली: निघून या. माधवराव पत्र वाचून बायकोच्या हाती द्यायचे आणि बायको उत्तर लिहायची: 'इकडे सर्व क्षेम. काल गाजराचा हलवा केला होता.'

सत्त्याऐंशीत बाजीराव स्वतःच न्यायला आले. सुरेखाबाईंनी त्यांना मक्याची रोटी आणि सरसोंचा साग खाऊ घातला, गुलाबाची बाग दाखवली आणि पाचव्या दिवशी परतीच्या गाडीत बसवून दिलं. गाडी सुटता सुटता बाजीराव खिडकीतून म्हणाले, "आगं, मी तुम्हास्नी न्यायला आलोतो न्हवं?"

"हो भावजी. पण तुमची सुट्टी संपली."

शेतकऱ्याला सुट्टी कसली, हे बाजीरावांना दिल्लीच्या पुढं गेल्यावर सुचलं.

सात वर्षांनी, गोळ्यांनी आणि बॉम्बनी जे केलं नाही, ते धुक्यानं केलं. माधवराव अधूनमधून रविवारी पिंजौरला एका छोट्या दवाखान्यातलं एक्स-रेचं मशीन बघून द्यायचे. चौऱ्याण्णवच्या जानेवारीतला असाच एक रविवार. परत येताना कालका रोडवर धुक्यात एक ट्रक बिनदिव्याचा उभा होता. स्कूटर त्याच्यावर गेली. माधवराव चव्वेचाळीस वर्षांचे होते.

बाजीराव झेलम एक्स्प्रेसनं अंबाल्याला उतरून घरी पोचले ते चौथ्या दिवशी. तोवर सगळं उरकलं होतं. दारातच त्यांनी विचारलं, "एक दिस थांबाय आलं नसतं?"

"थांबलो असतो, भावजी. पण चेहरा दाखवण्यासारखा राहिला नव्हता."

बाजीराव उंबऱ्यावरच बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तासभर तिच्याकडेच बघत राहिले.

सुरेखाबाई रडल्या नव्हत्या. भेटायला येणाऱ्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघायच्या, मग एकमेकींकडे बघायच्या. रडायला वेळ नव्हता म्हणावं तर तेही खरं नव्हतं, वेळ उदंड होता. पण चंदीगडच्या जानेवारीत खोबरेल तेल बाटलीत घट्ट होऊन बसतं ना, तसं ते रडू आत बसलं होतं. बाटली उलटी केली तरी येत नव्हतं.

पाचव्या दिवशी बाजीरावांनी विषय काढला. "पोरीची धाव्वीची परीक्षा झाली की एप्रिलात निघायचं. वाडीत दोन खोल्या रिकाम्याच हायत. मी आईला शबूद देऊन आलोय."

"मी इथंच राहणार आहे."

"कुणाच्या जिवावर?"

"माझ्या."

हे नुसतं बोलणं नव्हतं. नोकरीत असताना माणूस गेला तर त्याच्या घरातल्या एकाला इस्पितळात नोकरी मिळू शकत होती आणि नोकरी मिळाली तर क्वार्टरही राहणार होतं. अर्ज मार्चअखेर द्यायचा. अट एकच. माधवरावांच्या जिवावर जे जे होते त्या सगळ्यांनी 'आमची हरकत नाही' असं लिहून द्यायचं. त्यात माधवरावांची आई आली. तिला सुरेखाबाई आत्ती म्हणायच्या. आत्तींचा अंगठा त्या कागदावर हवा होता, आणि आत्तींचा अंगठा म्हणजे बाजीरावांचा होकार. कारण गेली तीस वर्षं प्रत्येक कागदाला त्यांच्या अंगठ्याखाली शाईचं पॅड धरणारे बाजीरावच.

"अंगठा मिळायचा न्हाई," बाजीराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. रागावलेल्या दिराला कसं परतवायचं हे सुरेखाबाईंना ठाऊक होतं.

बाराव्या दिवशी दुपारी शेजारचे भल्ला नवरा-बायको आले. कृष्णकांत भल्ला सेक्टर एकला सचिवालयात सुपरिंटेंडेंट. सरकारी कागद कुठं चालतो, कुठं बसतो आणि कुठं झोपतो याची त्यांना खडान्‌खडा माहिती. सुरेखाबाईंचा अर्जही त्यांनीच टाइप करून आणला होता. तो कुठल्या टेबलावर, कधी आणि कुणाच्या हातून द्यायचा, हेही तेच बघणार होते. बायको सरोज, बोलायला मऊ.

"भाभीजी," भल्ला म्हणाले, "कल रस्म पगड़ी है. पगड़ी किसको देंगे?"

पंजाबी घरात कर्ता पुरुष गेला की तेराव्याला सगेसोयरे, शेजारीपाजारी जमतात आणि त्याच्या थोरल्या मुलाच्या डोक्याला पगडी बांधतात. म्हणजे आजपासून या घराचा कर्ता हा. मुलगा नसला तर भाऊ. खराड्यांच्या वाडीत असलं काही नव्हतं. तिथं फेटा म्हणजे मान, नारळ आणि टाळ्या. पण एकोणीस वर्षांत सुरेखाबाईंनी या सेक्टरात अशा डझनभर पगड्या पाहिल्या होत्या. आतल्या खोलीत बाजीराव घोरत होते.

"आप लोगों में तो यह होता नहीं न?" सरोज हळूच म्हणाली. "रहने दें?"

सुरेखाबाईंनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दोनशे माणसांसमोर ज्याला या घराचा कर्ता म्हणून उभं केलं, तो हे घर मोडून गाडीत कसं घालेल? लाज म्हणून काही असेल की नाही? आणि बाजीरावांना लाजेची चाड फार, त्यातून डोक्यावर काही बांधलेलं असलं की जास्तच.

"जेठजी हैं ना," त्या म्हणाल्या. "उन्हीं को."

"उनसे पूछ लिया?"

"हाँ जी," सुरेखाबाई म्हणाल्या.

हीच ती लबाडी. एवढीशीच.

दुसऱ्या दिवशी सेक्टरच्या मंदिराच्या हॉलमध्ये सतरंज्या पसरल्या होत्या. इस्पितळातले लोक होते, ब्लॉकमधले होते, मराठी मंडळाचे चार डॉक्टर होते. पंडितजींचं आटोपलं तसे भल्ला फिकट गुलाबी पगडी घेऊन उठले आणि बाजीरावांसमोर येऊन उभे राहिले. बाजीरावांनी पगडीकडे पाहिलं. परमुलखात, असल्या दुःखाच्या वेळीसुद्धा ही माणसं आपला मान ठेवतात, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी टोपी काढून मान पुढं केली. सवयीचीच मान ती, बरोब्बर फेटेवाल्याच्या हाताच्या उंचीला थांबली.

"शेमला जरा लांब सोडा," त्यांनी भल्लांना हळूच सुचवलं.

भल्लांना कळलं नाही, पण त्यांनी नम्रपणे मान हलवली. मराठी डॉक्टरांना वाटलं, घरच्यांचं ठरलेलं असेल, आपण कशाला बोला. बायकांमध्ये बसलेल्या सुरेखाबाई सतरंजीच्या निळ्या पट्ट्याकडे बघत होत्या. अजून सांगता आलं असतं. पहिला पीळ बसला, दुसरा बसला, तिसरा. मग नाही सांगता आलं.

लबाडी नवशिक्यानं केली की तिचं जे होतं तेच झालं. चौदाव्या दिवशी सकाळी सुरेखाबाई भल्लांच्या दारात गेल्या. अर्ज तर पुढं पाठवून द्या, आत्तींचा कागद मागाहून जोडू, एवढंच सांगायचं होतं. भल्ला चपलांकडे बघायला लागले.

"भाभीजी, अब तो भाईसाहब से पूछना पड़ेगा. पगड़ी उनके सिर पर है."

"अर्जी मेरी है, भल्लाजी."

"घर उनका है जी," भल्ला म्हणाले. ते वाईट मनानं म्हणाले नाहीत. त्यांच्या लेखी रीत म्हणजे रीत.

सुरेखाबाईंनी दिराला बांधायला म्हणून दोर फेकला होता. दिराच्या हातात त्याचा लगाम झाला होता.

आणि बाजीराव तर स्वारच झाले. वरच्या मजल्यावरचे पाण्याच्या वेळेवरून भांडत आले ते त्यांच्याकडे. पलीकडच्या सोधींच्या मुलीच्या साखरपुड्याचं आमंत्रण आलं ते त्यांच्या नावानं. क्वार्टरवाल्यांच्या सभेत त्यांना खुर्ची मिळाली. तिकडं पंचवीस वर्षं राजकारण करून सोसायटीचं चेअरमनपद मिळालं नव्हतं, इथं तीन दिवसांत अख्खा ब्लॉक. रोज सकाळी आरशासमोर ते पगडी स्वतःच्या हातानं, तासगावी पद्धतीनं बांधायचे आणि जिन्यात उभं राहून निवाडे करायचे, "पानी का ऐसा हाय, पयले नीचेवाला, मंग ऊपरवाला." आणि कुणी विचारलं की सांगायचे, "एप्रिल में हम सब जायेगा."

अपेक्षा शाळेतून आली तीच पाय आपटत. "मम्मी, ताऊजी सबको बोल रहे हैं हम जा रहे हैं. मेरी इलेवंथ का क्या?"

"काही जात नाही आपण."

"तो आपने उनको पगड़ी क्यों दिलवाई?"

पंधरा वर्षांची पोर, पण याच सेक्टरात वाढलेली. तिला पगडी कळत होती. सुरेखाबाई तिच्यासाठी ताट वाढायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला बाजीरावांच्या रजईचं टोक कुणीतरी ओढलं.

"भावजी, उठा. दुधाच्या बूथवर रांग लागते."

"मी?"

"कर्ते तुम्ही."

थंडी अशी की दात वाजलेले शेजारच्या माणसाला ऐकू यावेत. बाजीराव दूध घेऊन आले तर गॅसच्या नंबराला उभं राहायचं होतं. ते झालं तर अपेक्षाच्या शाळेत पालकांची सभा होती. तिथं गणिताच्या बाईंनी त्यांना विचारलं, मुलगी त्रिकोणमितीत कच्ची आहे, घरी कोण लक्ष देतं? बाजीरावांनी पगडी सावरली आणि म्हणाले, "देखता मैं." संध्याकाळी ते अपेक्षाच्या वहीसमोर अर्धा तास बसले. मग वही मिटून म्हणाले, "पोरी, ह्ये तुझा बाप बघायचा?"

"हाँ, ताऊजी. रोज़."

त्यानंतर ते त्या दिवशी जिन्यात गेले नाहीत.

तिकडं गावाकडं ऐन द्राक्षांचे दिवस. बाजीराव कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरायचे आणि काचेतून त्यांचे हातवारे दिसायचे. माल तयार होता, व्यापारी खोळंबला होता, या म्हणून घरचे ओरडत होते. पण ते निघत नव्हते. का निघत नाहीत, हे सुरेखाबाईंना कळत नव्हतं. निवाड्यांची हौस म्हणावी तर ती कधीच फिटली होती.

महिन्याअखेरीस माधवरावांच्या खात्यात जायचं होतं. त्यांच्या नावावरचा शिशाचा जड एप्रन, कपाटाची किल्ली, छातीला लावायचा बिल्ला असलं सगळं परत करून सही घ्यायची होती. कर्ते बरोबर हवेतच. बाजीरावांनी भावाचं काम कधी पाहिलं नव्हतं. गावात ते सांगायचे, "माधव्या दवाखान्यात फोटो काढतो."

एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसलेली. हिमाचलातली, हरियाणातली, पार जम्मूकडची. आत एक डोंगरातली म्हातारी टेबलावर झोपायला तयार नव्हती. माधवरावांचा जोडीदार बलदेव तिला परोपरीनं समजावत होता. शेवटी घाम पुसत बाहेर आला आणि पगडीवाल्या बाजीरावांना पाहून क्षणभर थबकला.

"खराडे होता ना जी, तो दो मिनट लगते. इनकी बोली में बोलता था वो. साँस रोको, बस इतनी सी बात, छह बोलियों में सीख रखी थी."

बाजीरावांनी सुरेखाबाईंकडे पाहिलं. "घरात दोन वाक्यांच्या फुडं बोलत नव्हता त्यो."

"इथंही घरात दोनच बोलायचे," सुरेखाबाई म्हणाल्या.

निघताना खात्याच्या क्लार्कनं एक कागद पुढं केला. एक्स-रेची माणसं छातीला जो बिल्ला लावतात तो दर तीन महिन्यांनी मुंबईला तपासणीला जातो. अंगात किरण किती गेले ते तिकडून लिहून येतं. मागच्या तिमाहीचा निकाल नुकताच आला होता. यादीत माधवरावांचंही नाव होतं.

"काय लिवलंय?" बाजीरावांनी विचारलं.

सुरेखाबाईंनी इंग्रजी ओळ दोनदा वाचली. "प्रमाणात आहे. तब्येतीला धोका नाही, म्हणतात."

दोघं बराच वेळ त्या कॉरिडॉरमध्ये उभे राहिले. स्ट्रेचर आलं, त्याला वाट दिली आणि पुन्हा उभे राहिले. मग बाजीरावांनी क्लार्ककडून त्या ओळीची नक्कल मागून घेतली आणि घडी करून खिशात ठेवली. "आईला दावतो," म्हणाले.

इस्पितळाबाहेरच्या हिरवळीवर कोवळं ऊन पडलं होतं. नातेवाईक चादरी पसरून किन्नूची संत्री सोलत बसले होते. बाजीरावही खाली बसले. सुरेखाबाई उभ्याच राहिल्या. जे सांगायचं ते उभ्यानंच सांगावं, असं त्यांना वाटलं.

"भावजी, ही पगडी मानाची नसते."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"तेराव्याच्या सांजंलाच. भल्लानं माझं पाय धरलं आन रडत म्हणला, आता खराडेच्या जागंवर तुमी. मानाच्या फेट्याला कुणी पाय धरून रडत न्हाई, सुरेखा. येवढं कळतंय मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस?"

सुरेखाबाई बसल्या. "मला वाटलं, एकदा बांधली की तुम्ही आम्हाला न्यायचं नाव काढणार नाही. फसवलं मी तुम्हाला. यांच्या तेराव्याला फसवलं."

"फसवलंस. आमच्या चेअरमनला जमलं नसतं असं फसवलंस." बाजीरावांनी हिरवळीतलं एक गवताचं पातं उपटलं. "मला त्येचं त्वांड बगाय मिळालं न्हाई. म्हटलं, जागा तर मिळाली. चार दिस त्येच्या जागंवर बसून बगावं, काय करत हुता हितं येवढी वर्सं." मग पातं टाकून दिलं. "दुधाच्या रांगंला उभा ऱ्हात हुता. आणि त्या म्हातारीला सांगत हुता, दम धर."

सुरेखाबाईंनी ते टाकलेलं पातं उचललं.

"आईला शबूद दिलाय मी. त्यो मोडणार न्हाई," बाजीराव म्हणाले. "पर कागद नेतो. तिला वाचून दावतो. माझ्याकडनं एक अक्षर घालणार न्हाई, ना हिकडचं ना तिकडचं. काय म्हणंल ती म्हणंल."

"एवढंच मागत होते."

"मागत न्हवतीस. फसवत हुतीस," बाजीराव म्हणाले, आणि इतक्या दिवसांनंतर पहिल्यांदा दोघांच्याही तोंडावर हसू आल्यासारखं काहीतरी आलं आणि गेलं.

फेब्रुवारी सरला. मार्च निम्मा झाला. सुरेखाबाई एक दिवसाआड एसटीडी बूथमध्ये जायच्या आणि बाजीराव पलीकडून एकच सांगायचे, "वाचून दावलं. आई कायच बोलत न्हाई." भल्ला अर्जाची फाइल तयार ठेवून रोज संध्याकाळी दारावरून जाताना घसा खाकरायचे. अपेक्षाची परीक्षा संपली. तिनं आपल्या भूगोलाच्या नकाशात तासगाव शोधायचा प्रयत्न केला. ते त्यात नव्हतं. तिनं नकाशा मिटून ठेवला.

चोवीस मार्चला दुपारी बेल वाजली. दारात बाजीराव, हातात द्राक्षांची पेटी. मागं नऊवारीवर बाजीरावांचा जुना स्वेटर घातलेल्या आत्ती. सत्तरी उलटलेली म्हातारी, आयुष्यात सोलापूरच्या पुढं गेली नव्हती, आणि दोन दिवस, दोन रात्री गाडीत बसून आली होती.

"न बगितलेल्या घराच्या कागदावर निशाणी द्याया मी काय येडी?" आत्ती म्हणाल्या. "सर बाजूला."

चार दिवस म्हातारी कामापुरतंच बोलली. क्वार्टरच्या दोन खोल्या पाहिल्या, डबे उघडून पाहिले, माधवरावांचे शर्ट कपाटात तसेच होते त्यांवर हात फिरवून कपाट लावलं. नातीचं हिंदी ऐकून घेतलं आणि मराठीतून उत्तरं दिली, ती नातीला कळली. सरोज भल्लानं आणलेली खीर चाखून "साखर कमी" म्हणाल्या, पण वाटी रिकामी केली. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "माधव्या जितं पडला तितं मला न्या."

पिंजौरच्या बसनं तिघं गेले. त्या जागी काही नव्हतं. रस्ता, कडेला निलगिरीची झाडं, आणि झाडांखाली टायर पंक्चरचं दुकान. धुकं कधीच सरलं होतं, उन्हानं डांबर चमकत होतं. आत्ती रस्त्याकडेला पदर पसरून बसल्या. ट्रक जात होते, त्यांचा वारा म्हाताऱ्या अंगावरून जात होता.

"जाताना का येताना?" त्यांनी विचारलं.

सुरेखाबाईंना आधी कळलं नाही.

"जाताना पडला, का परत येताना?"

"परत येताना, आत्ती."

"म्हंजी घराकडं येत हुता."

"हो."

आत्तींनी बाजीरावांकडे हात केला. त्यांनी तो धरून आईला उठवलं. "चल," आत्ती म्हणाल्या. "ऊन झालं."

बाजीराव वाटभर आईकडे बघत होते. बस सेक्टर सतराला पोचली तेव्हा आत्ती खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "तू मला शबूद दिलातास न्हवं, हिला घिऊन यीन म्हणून? त्यो मी परत घेतला. तुझ्याकडं काय ऱ्हायलं न्हाई आता."

दुसऱ्या दिवशी भल्लांनी सगळ्यांना इस्पितळाच्या कचेरीत नेलं. क्लार्कनं कागद टेबलावर पसरला, जांभळ्या शाईचं पॅड उघडलं आणि आत्तींपुढं सरकवलं. बाजीरावांनी सवयीनं आईचं मनगट धरलं.

आत्तींनी मनगट सोडवून घेतलं. "पेन दे."

"आई, अंगठा लावायचा हाय."

"गप रं. पेन दे म्हनलं न्हवं?"

भल्लांनी खिशातलं शाईचं पेन काढून दिलं. आत्तींनी ते मुठीत धरल्यासारखं धरलं, कागदावर वाकल्या आणि श्वास रोखून लिहायला लागल्या. एकेक अक्षर दगड रचल्यासारखं. द्वारकाबाई ज्ञानू खराडे. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता. बाजीरावांचं तोंड उघडं ते उघडंच. तीस वर्षं सात-बाराला, सोसायटीच्या कागदाला, सगळीकडे त्यांनी या बाईचा अंगठा दाबला होता.

"तुला लिवाया येतंय?"

"नाव येतंय."

"मला कवा बोलली न्हाईस!"

"तू कवा इचारलंस? पॅडच फुडं करायचास." आत्तींनी पेनला टोपण लावलं. "माधव्यानं शिकिवलंय. चौथीत हुता. साळंतनं आला की मास्तर व्हायचा आन मला पोरगी करायचा. चुकलं की हातावर छडी द्यायचा मेला."

क्लार्कनं शिक्का उचलला आणि कागदासाठी हात पुढं केला. पण कागद सुरेखाबाईंनी घेतला होता. त्या सहीकडे बघत होत्या. 'द्वा'ची गाठ तशीच जरा उजवीकडे कललेली. 'ख'चं पोट तसंच फुगीर. शेवटच्या 'डे'वरची मात्रा तशीच चाबकासारखी मागं फेकलेली. एकोणीस वर्षं किराणा मालाच्या यादीवर, अपेक्षाच्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर आणि दारावरच्या पाटीवर त्यांनी माधवरावांच्या हातची हीच अक्षरं पाहिली होती. चौथीतल्या पोरानं आईच्या हातात ठेवलेली, आणि तिनं कुणालाही न दाखवता तेवढीच्या तेवढी जपलेली.

"मैडम, काग़ज़ दे दीजिए," क्लार्क म्हणाला.

"रुकिए जी," सुरेखाबाई म्हणाल्या. कागद त्यांनी हातभर लांब धरला होता, त्याच्यावर डोळ्यांतलं पाणी पडू नये म्हणून. आत्तींनी क्लार्ककडे बघून नुसती मान हलवली, आणि तो थांबला.